कोष्टकपत्रांतील अक्षरांचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरीं रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या पूर्वापार चालत आल्या आहेत. आतां त्यांच्या जोडीस संगणकावरील, किंबहुना मोबाइलवरीलही, कोष्टकपत्र येऊन बसलें आहे. माल किती गेला, मजुरी किती पडली, पाण्याच्या पाळीचा कोणाचा वांटा किती, हें सर्व आतां कित्येक घरांतून आणि कित्येक सहकारी संस्थांतून कोष्टकपत्रावर मांडलें जातें. बेरीज आणि सरासरी काढण्याचीं सूत्रें बहुतेकांस अवगत झालीं आहेत. परंतु हिशेबांत जितके अंक असतात तितकींच अक्षरें असतात: खातेदारांचीं नांवें, गट क्रमांक, बँकेचे खातेक्रमांक, पिकांचीं नांवें, वजनापुढें लिहिलेलें ‘क्विं.’ इत्यादि. या अक्षरांना कापणारीं, जोडणारीं व साफ करणारीं जीं सूत्रें आहेत, त्यांस टेक्स्ट फंक्शनें म्हणतात. त्यांचा परिचय नसल्यामुळें हिशेब कसा बिघडतो व तो कसा सुधारावा, हें या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोष्टकपत्राचा जन्म वहीच्याच पोटीं झाला आहे. १९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं व्हिझिकॅल्क नांवाचें कोष्टकपत्र सिद्ध केलें. १९८३ सालीं लोटस १-२-३ आलें आणि १९८५ सालीं एक्सेल. पुढें सांगितलेलीं फंक्शनें एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क व गूगल शीट्स या तिहींतही त्याच नांवांनीं चालतात.

दोन गोष्टी आरंभींच ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, पहिल्या रकान्यांतील दुसऱ्या ओळीच्या घरास आम्ही येथें ‘ए२’ म्हणतों, दुसऱ्या रकान्यांतील घरास ‘बी२’, व पुढें त्याच क्रमानें. दुसरी ही कीं, सूत्रें येथें देवनागरींत छापलीं आहेत. यंत्रांत मात्र फंक्शनाचें नांव, रकान्याचें अक्षर व अंक हीं सर्व इंग्रजी चिन्हांनींच लिहावीं. देवनागरी अंक प्रत्येक ठिकाणीं संख्या म्हणून ओळखले जातीलच, असें गृहीत धरूं नये.

अंक कोणता, अक्षर कोणतें?

माणसाचा डोळा अर्थ पाहतो, यंत्र केवळ प्रकार पाहतें. कोष्टकपत्राच्या प्रत्येक घरांतील मजकूर यंत्राच्या लेखीं एक तर संख्या असतो, नाहीं तर अक्षरें. ‘९.२५’ ही संख्या आहे, ‘९.२५ क्विं.’ हीं अक्षरें आहेत. आपणांस दोहोंचा अर्थ एकच वाटतो, यंत्रास वाटत नाहीं.

याचा परिणाम पाहावा. एका शेतकऱ्यानें सोयाबीनच्या तीन खेपा बाजारांत नेल्या व त्यांचीं वजनें अशीं लिहिलीं: १४.५०, नंतर ‘९.२५ क्विं.’, नंतर ११.००. खालीं ‘सम’ या फंक्शनानें बेरीज मांडली. उत्तर आलें २५.५०. खरी बेरीज ३४.७५ आहे. मधली खेप यंत्रानें अक्षरें समजून वगळली, आणि वगळल्याचें एका शब्दानेंही कळविलें नाहीं. २०२४-२५ च्या खरिपांत सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलास ४,८९२ रुपये होती. त्या दरानें ९.२५ क्विंटलांचे ४५,२५१ रुपये होतात. एवढी रक्कम एका शब्दापायीं हिशेबांतून नाहींशी झाली!

येथें एक भेद जाणून ठेवण्यासारखा आहे. अधिकचिन्हानें एक एक घर जोडीत गेलें असतें, तर यंत्रानें चूक दाखविली असती. ‘सम’ मात्र रकान्यांतील अक्षरें मुकाट्यानें ओलांडतें. जी चूक ओरडते ती बरी. जी मौन धरते तिचीच भीति बाळगावी.

ही मौन चूक ओळखावी कशी? तीन खुणा आहेत. घराची मांडणी बदललेली नसेल, तर संख्या उजव्या कडेस चिकटते व अक्षरें डाव्या कडेस. ही पहिली खूण. शेजारच्या घरांत =इझनंबर(ए२) असें लिहिलें असतां संख्या असल्यास ‘ट्रू’ व नसल्यास ‘फॉल्स’ असें उत्तर येतें. ही दुसरी. आणि =लेन(ए२) असें लिहिलें असतां त्या घरांत एकंदर किती चिन्हें आहेत तें कळतें, त्यांत कोऱ्या जागाही धरल्या जातात. चार चिन्हांच्या नोंदीची लांबी पांच भरली, तर कोठें तरी एक कोरी जागा दडून बसली आहे असें समजावें.

साफसूफ करणारीं फंक्शनें

धान्य मापण्यापूर्वीं जसें तें पाखडून घेतात, तशी नोंद मोजण्यापूर्वीं साफ करावी. त्यासाठीं तीन फंक्शनें पुरतात.

‘ट्रिम’ हें आरंभींच्या व शेवटच्या कोऱ्या जागा काढून टाकतें आणि शब्दांमधील अनेक जागांची एकच जागा करतें. ‘सब्स्टिट्यूट’ हें एका मजकुराच्या जागीं दुसरा मजकूर घालतें. दुसरा मजकूर रिकामा ठेवला, तर पहिला नुसता निघून जातो. ‘व्हॅल्यू’ हें अक्षररूपांतील अंकांची खरी संख्या बनवितें. वरील वजनासाठीं तिन्ही एकत्र अशीं लिहावीं:

=व्हॅल्यू(ट्रिम(सब्स्टिट्यूट(ए२,"क्विं.","")))

असें सूत्र आंतून बाहेर वाचावें. प्रथम ‘क्विं.’ निघालें, मग कोरी जागा निघाली, मग उरलेल्याची संख्या झाली. एखाद्या घरांत ‘क्विंटल’ असें पूर्ण लिहिलें असेल, तर ‘व्हॅल्यू’ चूक दाखवील. ती दाखविते हेंच चांगलें, कारण तें घर उघडून पाहण्याची सूचना आपणांस मिळते.

संकेतस्थळावरून नकलून आणलेल्या यादींत कधीं कधीं निराळ्याच जातीची कोरी जागा असते. ती दिसावयास नेहमीच्या जागेसारखीच, पण एक्सेलमधील ‘ट्रिम’नें हलत नाहीं. तिचा क्रमांक १६० आहे. तिच्यासाठीं =ट्रिम(सब्स्टिट्यूट(ए२,युनिकॅर(१६०)," ")) असें लिहावें.

सातबाऱ्यावरील क्षेत्र

आतां जेथें अक्षरें कापण्याचें खरें काम पडतें, त्या गोष्टीकडे येऊं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असें लिहितात. ‘१.२५.५०’ याचा अर्थ १ हेक्टर, २५ आर, ५० चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि हेक्टर म्हणजे १०० आर. या नोंदींत दोन बिंदु असल्यामुळें ती यंत्राच्या दृष्टीनें संख्या होऊंच शकत नाहीं. अशा नोंदींचा रकाना ‘सम’नें बेरजेस घातला, तर उत्तर शून्य येतें.

यावर एक सोपी युक्ति पुष्कळजण वापरतात. ‘सब्स्टिट्यूट’ला चौथी सूचना देतां येते, कीं कितवा बिंदु बदलावयाचा. दुसरा बिंदु काढून टाकला म्हणजे ‘१.२५५०’ उरतें, आणि तें सरळ हेक्टरमधील क्षेत्र होय:

=व्हॅल्यू(सब्स्टिट्यूट(बी२,".","",२))

तीन गटांचें क्षेत्र १.२५.५०, ०.८०.०० आणि ०.०९.७५ असेल, तर या सूत्रानें १.२५५०, ०.८००० व ०.०९७५ मिळून २.१५२५ हेक्टर होतात. म्हणजे सुमारें ५ एकर १२¾ गुंठे. येथवर सर्व ठीक.

परंतु तिसरी नोंद लिहिणारानें ‘०.०९.७५’ ऐवजीं ‘०.९.७५’ अशी लिहिली, तर काय होईल? वाचणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें कांहींच फरक नाहीं; ९ आर ते ९ आरच. या युक्तीनें मात्र ‘०.९७५’ हेक्टर होतील, म्हणजे बरोबर दहापट! असें क्षेत्र धरून सामाईक विहिरीचा अथवा पंपाचा खर्च वांटला, तर सर्वांत लहान खातेदारावर दहापट क्षेत्राचा बोजा पडेल. इकडे बेरीजही येते, यंत्र चूकही दाखवीत नाहीं, आणि छापलेला कागद सर्वांसमोर येतो. तो गरीब खातेदार कागदाशीं भांडणार कसा? म्हणून अशा ठिकाणीं युक्तीवर विसंबूं नये. नोंदीचे तीन तुकडे करून प्रत्येकाची किंमत वेगळी धरावी.

तुकडे करण्यास चार फंक्शनें लागतात. ‘फाइंड’ हें एखादें चिन्ह कितव्या जागीं आहे तें सांगतें. ‘लेफ्ट’ हें डावीकडून हवीं तितकीं चिन्हें काढून देतें, ‘राइट’ हें उजवीकडून, आणि ‘मिड’ हें मधूनच, म्हणजे अमुक जागेपासून अमुक इतकीं. ‘बी२’ मध्यें क्षेत्र आहे असें धरून पुढीलप्रमाणें एक एक घर भरावें.

सी२ मध्यें पहिल्या बिंदूची जागा: =फाइंड(".",बी२)

डी२ मध्यें दुसऱ्या बिंदूची जागा, पहिल्याच्या पुढून शोधून: =फाइंड(".",बी२,सी२+१)

ई२ मध्यें हेक्टर: =व्हॅल्यू(लेफ्ट(बी२,सी२-१))

एफ२ मध्यें आर: =व्हॅल्यू(मिड(बी२,सी२+१,डी२-सी२-१))

जी२ मध्यें चौरस मीटर: =व्हॅल्यू(राइट(बी२,लेन(बी२)-डी२))

एच२ मध्यें एकूण हेक्टर: =ई२+एफ२/१००+जी२/१००००

‘०.९.७५’ ही नोंद यांत घालून पाहावी. पहिला बिंदु दुसऱ्या जागीं, दुसरा चौथ्या जागीं. मधलें एकच चिन्ह ९. उजवीकडील दोन चिन्हें ७५. एकूण ०.०९ अधिक ०.००७५, म्हणजे ०.०९७५ हेक्टर. उत्तर बरोबर आलें.

तरीही एक शंका उरतेच. कोणी ‘०.९.५’ असें लिहिलें असेल, तर तो ५ चौरस मीटर म्हणतो कीं ५० म्हणतो? याचें उत्तर जगांतील कोणतेंही फंक्शन देऊं शकत नाहीं. तें मूळ उताऱ्यांतच पाहिलें पाहिजे. सूत्र नोंदीचे तुकडे करतें; नोंद खरी करीत नाहीं.

गट क्रमांकाची तारीख होते!

गट क्रमांक ‘१२/३’ असा घरांत लिहिला कीं कोष्टकपत्र तत्काळ त्याची तारीख बनवितें. यंत्राची तारीखपद्धति आपल्याकडील असेल तर १२ मार्च, अमेरिकेंतील असेल तर ३ डिसेंबर. इतकेंच नव्हे, तर आंत तारखेचाही मजकूर राहत नाहीं. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजून ती संख्या ठेवतें. १२ मार्च २०२४ या तारखेची संख्या ४५,३६३ आहे. म्हणून मागाहून त्या घराचा प्रकार ‘टेक्स्ट’ केला, तर गट क्रमांक परत येत नाहीं, ‘४५३६३’ असा अपरिचित आंकडा उभा राहतो.

या दोषानें विद्वानही गांजले आहेत. मानवी जनुकांचीं कांहीं संक्षिप्त नांवें मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या नांवांसारखीं होतीं. कोष्टकपत्रें त्यांच्या तारखा करीत. अखेर २०२० सालीं जनुकांस नांवें देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनें तीं नांवेंच बदललीं. शेतकऱ्यास आपला गट क्रमांक बदलतां येत नाहीं. त्यानें आपली रीत बदलावी. ती अशी कीं, कांहीं लिहिण्यापूर्वीं तो सबंध रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा. एखाद-दुसऱ्या घरापुरतें काम असेल, तर क्रमांकापूर्वीं एकेरी अवतरणचिन्ह द्यावें. मात्र ‘टेक्स्ट’ केलेल्या घरांत सूत्र लिहिलें तर तेंही अक्षरेंच समजलें जातें व चालत नाहीं. सूत्रांचे रकाने वेगळे ठेवावे.

हानि आधींच झाली असेल, तर जोडचिन्ह ‘&’ उपयोगीं पडतें. =डे(ए२)&"/"&मंथ(ए२) असें लिहिलें असतां १२ मार्चचें पुन्हां ‘१२/३’ होतें. यंत्राची तारीखपद्धति अमेरिकन असल्यास ‘डे’ व ‘मंथ’ यांचा क्रम उलटावा. दुरुस्त केलेली यादी सातबाऱ्याशीं ताडून पाहिल्यावांचून मात्र वापरूं नये.

बँकेचा खातेक्रमांक

खातेक्रमांक हा दिसावयास अंक असला तरी तो संख्या नव्हे. आपण त्याची बेरीज करीत नाहीं, वजाबाकी करीत नाहीं; तो खात्याचें नांव आहे. ज्याची बेरीज करावयाची नाहीं तें सर्व अक्षररूपानें ठेवावें, हा नियम सर्वांनीं पाठ करून ठेवावा. आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक व खातेक्रमांक हे सर्व त्यांत आले.

हा नियम मोडल्यास दोन प्रकारें घात होतो. आरंभींचीं शून्यें नाहींशीं होतात, हा पहिला. क्रमांकाची पूर्ण लांबी ठाऊक असेल तर याला उपाय आहे: ११ अंकी क्रमांकासाठीं =टेक्स्ट(ए२,"०००००००००००") असें अकरा शून्यें देऊन लिहावें, म्हणजे गेलेलीं शून्यें परत येतात. दुसरा घात अधिक वाईट आहे. एक्सेल एका संख्येंत १५ अंकच शुद्ध ठेवतें. सोळावा व पुढील अंक असेल तर त्याच्या जागीं शून्य घालतें. तो अंक कोणत्याही फंक्शनानें परत मिळत नाहीं, पासबुकच काढावें लागतें.

आमच्या पाहण्यांतील एका संस्थेंत हें घडलें आहे. सभासदांची यादी संख्यारूपानें टंकिली गेली व ज्यांचे खातेक्रमांक १६ अंकी होते त्या सर्वांचा शेवटचा अंक शून्य झाला. ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांचे पैसे परत आले. ज्याचा क्रमांक मुळांतच शून्यानें संपत होता त्याला तेवढे वेळेवर मिळाले. ज्यांस मिळाले नाहींत त्यांनीं बियाणें उधारीवर घेतलें. यादी करणारा माणूस प्रामाणिक होता व मेहनतीही होता. त्यास एवढें एकच कोणीं सांगितलें नव्हतें.

बँकेच्या आयएफएससी संकेताची तपासणीही अक्षर-फंक्शनांनीं होते. हा संकेत ११ चिन्हांचा असतो: पहिलीं ४ बँकेचीं, पांचव्या जागीं नेहमीं शून्य, व शेवटचीं ६ शाखेचीं. पुष्कळजण त्या शून्याच्या जागीं इंग्रजी ‘ओ’ हें अक्षर लिहितात. डोळ्यास तें सांपडत नाहीं. पुढील सूत्र तें पकडतें:

=अँड(लेन(सी२)=११,मिड(सी२,५,१)="०")

उत्तर ‘फॉल्स’ आलें कीं ती नोंद थांबवून ठेवावी. अवतरणांत शून्य लिहिण्याचें कारण हें कीं, ‘मिड’नें काढलेला तुकडा अंकासारखा दिसला तरी अक्षरच असतो.

मराठी अक्षरांची विशेष गोष्ट

मराठी मजकुरावर हीं फंक्शनें चालवितांना एक सावधगिरी ठेवावी. यंत्र काना, मात्रा, वेलांटी व हलन्त यांस स्वतंत्र चिन्हें समजतें. ‘ज्वारी’ हीं आपल्या मतें दोन अक्षरें. ‘लेन’ मात्र सहा सांगतें: ज, हलन्त, व, काना, र, वेलांटी. म्हणून ‘लेफ्ट’नें पहिलें एक चिन्ह मागितलें तर ‘ज्वा’ मिळत नाहीं, नुसता ‘ज’ मिळतो. मराठी नांवें ठराविक लांबीवर कापूं नयेत. दोन शब्दांमधील कोरी जागा ‘फाइंड’नें शोधून तेथें कापावीं.

दुसरें असें कीं, ‘शेतकऱ्यांची’ या शब्दांतील ‘ऱ्य’ दोन रीतींनीं टंकितां येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतींत एक अदृश्य चिन्ह अधिक असतें. त्यामुळें एकाच माणसाचें आडनांव दोन याद्यांत असूनही यंत्र जुळत नाहीं म्हणतें. दोन्ही नोंदींस ‘लेन’ लावून पाहावें; लांबी वेगळी आली तर कारण कळलें. याच कारणास्तव याद्या नांवावरून न जुळवितां सभासद क्रमांकावरून जुळवाव्या, हें बरें.

वहिवाटीचे नियम

वरील विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यांत असा. एका घरांत एकच गोष्ट लिहावी. परिमाण रकान्याच्या मथळ्यांत द्यावें, आंकड्यापुढें नव्हे. ज्याची बेरीज करावयाची नाहीं तें आधींच ‘टेक्स्ट’ करावें. मूळ रकान्यास हात लावूं नये. साफ केलेली नोंद शेजारच्या नव्या रकान्यांत काढावी, म्हणजे शंका आल्यास मूळ पाहतां येतें. आणि कोणतीही बेरीज सभेपुढें ठेवण्यापूर्वीं रकान्यांतील भरलेलीं घरें ‘काउंटए’नें व संख्या असलेलीं घरें ‘काउंट’नें मोजावीं. केवळ नोंदींच्या घरांवर हीं दोन्ही चालविलीं व आंकडे जुळले नाहींत, तर जितका फरक तितक्या नोंदी बेरजेंतून गळल्या आहेत. सोयाबीनच्या उदाहरणांत पहिलें उत्तर ३ व दुसरें २ आलें असतें, आणि चूक त्याच क्षणीं हातीं लागली असती.

अभ्यास

१. आपल्या सर्व गटांचें क्षेत्र सातबाऱ्यावरून जसेंच्या तसें एका रकान्यांत उतरावें, वर दिलेल्या सहा सूत्रांनीं हेक्टर काढावे, आणि बेरीज हातानें केलेल्या बेरजेशीं ताडावी.

२. त्यांपैकीं एका नोंदींतील आर एकच अंकी करून दोन्ही सूत्रें चालवावीं व उत्तरांतील फरक पाहावा.

३. आपल्या संस्थेच्या यादींतील आपला खातेक्रमांक पासबुकाशीं शेवटच्या अंकापर्यंत जुळवून पाहावा.

यांतील तिसरा अभ्यास ज्यास कोष्टकपत्र मुळींच येत नाहीं त्यासही करतां येतो. तो प्रत्येक सभासदानें पैसे यावयाच्या आधीं करावा, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंति आहे.